रिकाम्या डब्याचे वजन

त्या सहा आठवड्यांत माझी प्रत्येक सकाळ अशी सुरू होत असे: सहा वाजून दहा मिनिटांनी मी दोन अंडी पाण्यात सोडत असे. सहा वाजून बावीस मिनिटांनी ती गार पाण्यात जात. मधल्या बारा मिनिटांत मऊ शिजवलेला भात चमच्याने मोडायचा, पाकिटातले दाणेदार खाद्य काट्यावर तोलून घ्यायचे, त्यावर कोमट पाणी ओतून झाकण ठेवायचे, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून माझ्या चपलेचा पट्टा चघळणाऱ्या प्राण्याकडे चुकूनही पाहायचे नाही. पाहिले की तो शेपूट हलवी, शेपूट हलली की माझ्या मनात कणव दाटे, आणि कणव मोजायचे एकक अद्याप ठरलेले नसल्यामुळे फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यात तिला रकाना नव्हता.

तक्ता मी स्वतः आखलेला होता. पिल्लाचे वय, वजन, खाद्याचे ग्रॅम, चार जेवणांच्या वेळा, वाढणाऱ्याची सही आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात माझ्या मुलीने पहिल्याच दिवशी ‘गोड आहे’ असे लिहिले. मी तिला समजावून सांगितले की शेरा हा निरीक्षणाचा असतो, मताचा नव्हे. तिने ते खोडून ‘गोड दिसतो’ असे लिहिले. ती तेरा वर्षांची आहे आणि माझीच मुलगी आहे, हे या दुरुस्तीवरून लक्षात यावे.

इथे माझ्या व्यवसायाविषयी सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यातूनच उद्भवले. मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासणे, बरोबर असतील तर सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र देणे आणि नसतील तर दुकानदाराचा चेहरा उतरलेला पाहणे, हे मी बावीस वर्षे करतो आहे. आमच्या शास्त्रातला माझा सर्वांत आवडता नियम डब्याचा. माल डब्यासकट तोलायचा असेल, तर डबा आधी रिकामा तोलला पाहिजे. आज, आणि त्याच काट्यावर. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या बेकरीवाल्याने बिस्किटांच्या डब्याचे वजन तीन वर्षांपूर्वी भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते आणि तेच तो रोज वजा करत होता. मी त्याला लेखी ताकीद दिली, आणि ताकिदीबरोबर अर्ध्या तासाचे व्याख्यान. बिचारा सगळे ऐकून घेऊन म्हणाला, “पण साहेब, डबा काय वाढतो का?” मी म्हणालो, “ते तोलल्याशिवाय कळत नाही.” या वाक्यावर मी त्या दिवशी इतका खूश झालो की रात्रीच्या जेवणात ते घरी दोनदा सांगितले.

पिल्लू आले ते मुलीच्या हट्टामुळे आणि माझ्या अटींवर. दोन महिन्यांचे, तपकिरी, कानांच्या मानाने फारच लहान. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला तळहातावर घेऊन पाहिले आणि जुन्या मापांच्या आठवणीने त्याचे नाव ‘छटाक’ ठेवले. खाण्याच्या बाबतीत अण्णांचे मत होते की त्यांच्या वेळी कुत्रे घरात उरेल ते खाऊन बारा वर्षे जगत असे आणि त्यासाठी कुणी काटा घेऊन बसत नसे. समोरच्या मावशींनी दुधाचा आग्रह धरला. दुधाने पिल्लाचे पोट बिघडते असे मी वाचले होते, ते सांगितल्यावर त्या माझ्याकडे असे पाहू लागल्या, जणू मी त्यांनी वाढवलेल्या चार मुलांवर आरोप केला आहे. खालच्या मजल्यावरच्या, व्यायामाची आवड असलेल्या बँकवाल्याने कच्चे मांस सुचवले आणि न विचारता स्वतःचा दंड फुगवून दाखवला. पाकिटे विकणाऱ्या दुकानदाराने सात प्रकारची पाकिटे समोर मांडली. मी प्रत्येकावरचे निव्वळ वजन तपासले. दोन पाकिटांत तफावत निघाली, त्यांचा पंचनामा केला, आणि या गडबडीत खाद्य घ्यायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी बायको जाऊन तिसरेच पाकीट घेऊन आली. त्यातला एक दाणा मी तपासणी म्हणून खाऊन पाहिला. किंचित कोरडा, शेवटी मासळीची चव. शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद आहे.

पाकिटावर एक कोष्टक होते: पिल्लाचे वजन इतके, तर दिवसाला खाद्य इतके. या कोष्टकाने मला जिंकले. इतक्या सगळ्या सल्ल्यांत आकड्यांत बोलणारे तेच एकटे होते. पिल्लाचे वजन दर पंधरवड्याला घ्यायचे आणि त्यानुसार खाद्य वाढवायचे, असे मी ठरवले. शिवाय मावशींचा मान राखायला, दुधाऐवजी त्यांनीच सुचवलेले अंडे आणि भात.

अडचण एवढीच की छटाक काट्यावर बसत नसे. न्हाणीघरातल्या आमच्या काट्यावर आकडा स्थिर व्हायला चार सेकंद लागतात आणि छटाक आयुष्यात सलग चार सेकंद स्थिर राहिलेला नव्हता. कार्यालयातले प्रमाणित काटे घरी आणणे माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणून मी त्याला छातीशी धरून स्वतः काट्यावर उभा राहिलो, आलेल्या आकड्यातून माझे वजन वजा केले आणि उरले ते त्याचे लिहिले. माझे वजन अडुसष्ट किलो. हा आकडा कार्यालयाच्या वैद्यकीय तपासणीतला होता आणि त्यानंतरच्या प्रत्येक अर्जावर, विम्याच्या कागदावर आणि गप्पांत मी तो निःशंकपणे देत आलो होतो. त्या हिशेबाने छटाक भरला पाच किलो चारशे.

“एवढासा जीव, पाच किलो?” बायकोने त्याला एका हाताने उचलून विचारले. “हाताला तर काही लागत नाही.”

“हात हे प्रमाणित उपकरण नाही,” मी म्हणालो.

आता सोसायटीविषयी. आमच्या इमारतीच्या नियमावलीत एक कलम आहे: दहा किलोंहून अधिक वजनाचा कुत्रा सदनिकेत ठेवता येणार नाही. कधी काळी एका प्रचंड कुत्र्यासह लिफ्ट अडकली होती, तेव्हापासूनचे. सोसायटीचे चिटणीस निवृत्त नोंदणी कारकून आहेत आणि कागदावर नसलेल्या गोष्टी त्यांना दिसत नाहीत. त्यांनी पिल्लाला परवानगी देताना कलम दाखवले, तेव्हा मीच आपण होऊन म्हणालो की दर पंधरवड्याला मी वजनाचा दाखला देत जाईन, माझ्या सहीने, हुद्द्यासह. ते प्रसन्न झाले. म्हणाले की या विषयातला अधिकारी माणूसच लिहून देणार म्हटल्यावर त्यांना पिल्लाकडे पाहण्याचीसुद्धा गरज नाही. आणि त्यांनी खरोखरच पाहिले नाही.

पहिल्या दाखल्यानुसार खाद्य सुरू झाले. छटाक खाई, फुगे, आणि उरलेल्याकडे पाठ करून झोपे. पातेल्यातले, त्याने तोंड न लावलेले अंडे-भात रोज शिल्लक राहू लागले. अन्न टाकायचे नाही ही आमच्या घरातली शिकवण; अण्णांचे दात नाजूक, बायकोला सकाळी अंडे नको, मुलगी शाळेच्या घाईत. तेव्हा ते मी खाऊ लागलो. मीठ नसलेले, मिरपूड नसलेले अंडे-भात, ओट्याशी उभ्या उभ्या, सकाळी एकदा आणि कार्यालयातून आल्यावर एकदा. हा त्याग घरात कुणाच्या लक्षात आला नाही, याचे मला त्या काळी थोडे वाईटही वाटे.

दुसऱ्या पंधरवड्याला छटाक सहा किलो नऊशे भरला. कोष्टकात पुढची ओळ, म्हणजे अधिक खाद्य, अधिक भात. उरणारेही अधिक. तिसऱ्या वेळी आठ किलो पाचशे. मी मनोमन सुखावलो. मावशींना जिन्यात गाठून आकडे ऐकवले. दूध न पाजता पिल्लू कसे वाढते, ते मी त्यांना दशांश चिन्हासह पटवून दिले. याच सुमारास माझ्या सदऱ्याचे पोटावरचे बटण कार्यालयात, साहेबांच्या देखत, तुटून त्यांच्या टेबलावर पडले. शिंप्याचे काम हल्ली निकृष्ट झाले आहे, असे मी घरी येऊन सांगितले. कमरेचा पट्टाही आखडला होता. चामडे ओलाव्याने आखडते, हे शास्त्रीय सत्य आहे. बायकोने पट्टा हातात घेऊन पाहिला, मग माझ्याकडे पाहिले, आणि मान हलवून आत गेली. तिच्या मान हलवण्याचा अर्थ मला एरवी लगेच कळतो. त्या दिवशी कळला नाही.

चौथ्या पंधरवड्याच्या सकाळी काट्याने आकडा दाखवला आणि मी वजाबाकी केली: दहा किलो चारशे.

मी तो आकडा दाखल्यावर लिहिला. हात जरा थांबला, हे कबूल केले पाहिजे. पण बावीस वर्षांत मी कधी आकडा गिळला नव्हता. दाखला दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर चिटणिसांची नोटीस लागली: कलमाचा भंग झाल्याचे सदस्याच्याच लेखी कबुलीवरून दिसते, सबब आठ दिवसांत प्राणी अन्यत्र हलवावा. नोटीस उत्तम लिहिली होती. मी स्वतः तिच्यात एक स्वल्पविराम बदलला असता, बस.

घरात मात्र तिचे कौतुक झाले नाही. बायको म्हणाली की ते पिल्लू तिच्या भाजीच्या पिशवीत मावते, आणि भाजी घेऊनही वर जागा उरते. अण्णांनी चिटणिसांच्या पूर्वायुष्याविषयी काही गोष्टी सांगितल्या, ज्यांचा कुत्र्याशी संबंध नव्हता. मी म्हणालो की नियम सर्वांना सारखा. मी लोकांची दुकाने तपासतो, माझ्यासाठी नियम वाकवा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? हे बोलताना माझा आवाज, मला आठवते त्याप्रमाणे, फार भारदस्त लागला होता.

मुलगी पाटावर बसून छटाकच्या कानातले गवत काढत होती. तिने वर न पाहता विचारले, “बाबा, खायला तू घालत होतास ना? मग जास्त झालं म्हणून तो का जाणार?”

त्यावर मी नियमावली काढून कलम पुन्हा वाचले. त्यानंतर तिने शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिले नाही, आणि माझ्याशी बोलणे गरजेपुरते ठेवले. ‘पाणी दे’, ‘सही कर’, एवढेच.

शहराबाहेर अंगण असलेल्या घरात राहणारी बायकोची मावसबहीण छटाकला ठेवून घ्यायला तयार झाली. सोमवारी संध्याकाळी ती न्यायला येणार होती. फक्त तब्येतीचा दाखला आणा म्हणाली. तेव्हा शनिवारी सकाळी मी आणि मुलगी छटाकला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी त्याचे पोट दाबून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. पोट ताणलेले होते, पायांवर भार येत होता. खायला काय देता, असे विचारल्यावर मी तक्ता पुढे केला. तो मी मुद्दाम फ्रिजवरून काढून, घडी न घालता आणला होता. बाईंनी तो शांतपणे वाचला.

“हे दहा किलोच्या पिल्लाचं खाणं आहे.”

“दहा किलो चारशे,” मी नम्रपणे दुरुस्ती केली.

त्यांनी छटाकला टेबलावरच्या काट्यावर ठेवले आणि एका हाताने त्याची मान अशी काही खाजवली की तो चार काय, दहा सेकंद पुतळ्यासारखा बसला. आकडा आला: चार किलो सहाशे.

मी हसलो. काटा चुकीचा असतो तेव्हा आम्ही लोक असेच हसतो, समोरच्याला न दुखावता. मग मी माझे ओळखपत्र काढले आणि काट्याची शेवटची पडताळणी कधी झाली, प्रमाणपत्र दाखवाल का, असे विचारले. बाईंनी भिंतीकडे बोट केले. चौकटीत प्रमाणपत्र होते. पडताळणी अकरा आठवड्यांपूर्वीची. खाली सही होती, तिचा शेवटचा फाटा उजवीकडे वर गेलेला; तसा फाटा आमच्या कार्यालयात मी एकटाच काढतो.

छटाकने माझ्या ओळखपत्राची दोरी चघळायला घेतली.

“घरी कसं तोलता याला?” बाईंनी विचारले. मी पद्धत सांगितली. सांगताना ती मला अजूनही निर्दोष वाटत होती.

“तुमचं वजन किती धरता?”

“अडुसष्ट.”

“कधीचं?”

मी तोंड उघडले आणि बेकरीची भिंत माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. खडूचे आकडे, आणि त्यांच्यापुढे बोट नाचवत उभा असलेला मी.

“तीन वर्षांपूर्वीचं,” मी म्हणालो.

मोठ्या कुत्र्यांसाठीचा काटा कोपऱ्यात जमिनीवर होता. बाईंनी नुसते त्याच्याकडे पाहिले. मी चपला काढून त्यावर चढलो. एका अवाढव्य शिकारी कुत्र्याला घेऊन आलेले गृहस्थ दारात थांबले होते. त्यांनी सभ्यपणे आपल्या कुत्र्याकडे पाहायला सुरुवात केली. त्र्याहत्तर किलो आठशे.

मुलीने वजाबाकी तोंडी केली. गणित तिचे माझ्याहून चांगले आहे. “पाच किलो आठशे,” ती म्हणाली. मग दोन दिवसांत प्रथमच माझ्याकडे सरळ पाहून, हलक्या आवाजात, “बाबा, ते जास्तीचं सगळं तूच आहेस.”

बाईंनी दाखल्यावर वजन लिहिले आणि खाली हेही लिहिले की हे पिल्लू लहान जातीचे असून पूर्ण वाढले तरी आठ किलोंपलीकडे जाणार नाही. खाणे निम्म्यावर आणायला सांगितले. कुणाचे, ते त्या बोलल्या नाहीत.

मला वाटले, प्रश्न मिटला. चिटणिसांना मी ओळखले नव्हते असेच म्हणावे लागेल. त्यांनी डॉक्टरांचा दाखला वाचला, फाइल काढली आणि माझ्या सहीचे चार कागद एकेक करून टेबलावर मांडले.

“हा एक कागद म्हणतो चार किलो सहाशे. तुमचा शेवटचा म्हणतो दहा किलो चारशे. दोन्ही दप्तरात कसे ठेवू? तुमचे चुकीचे असतील तर तसं लिहून द्या. कारणासहित. आणि नोटीस फलकावर लागली, तेव्हा दुरुस्तीही फलकावर लागली पाहिजे.”

“कारण लिहायलाच हवं?”

“कारणाशिवाय दुरुस्ती म्हणजे खाडाखोड, साहेब.”

यात त्यांची चूक काहीच नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हटले असते, फक्त जरा अधिक लांबण लावून.

रविवारी दुपारी मी कागद घेऊन बसलो. पहिला मसुदा ‘काही तांत्रिक बाबींमुळे’ असा सुरू होत होता. बायकोने तो वाचून विचारले की तांत्रिक बाब जेवायला बसणार आहे का. दुसऱ्या मसुद्यात मी ‘पात्राच्या वजनात झालेली अनपेक्षित वाढ’ असा शब्दप्रयोग केला आणि तो घेऊन खाली गेलो. चिटणिसांनी चष्मा वर करून विचारले, “पात्र म्हणजे कोण?” मी कागद परत घेतला.

जिन्यात मावशी भेटल्या. फलकावर काहीतरी लागणार आहे, हे त्यांना कळलेले होते. माझ्याकडून ऐकलेले आकडे त्यांनी इमारतीत सर्वत्र पोहोचवले होते, दशांश चिन्हासह, हेही त्यांनी सांगितले.

अण्णा आरामखुर्चीत बसून हे सगळे पाहत होते. संध्याकाळी ते म्हणाले, “अरे, एवढं काय त्यात? लिही, काटा बिघडला होता. न्हाणीघरातला काटा काही साक्ष द्यायला येत नाही.”

मी तो कागदही लिहिला, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगला जमला होता. तीन ओळींत आटोपला, कुणाला दुखावत नव्हता, छटाक राहिला असता आणि माझा हुद्दाही. बेकरीवाल्याला यातले काही कधी कळले नसते. मी सही करण्यापूर्वी एकदा वाचला, आणि वाचता वाचता मला तो ओळखीचा वाटू लागला. बावीस वर्षे, दर आठवड्याला, कुणी ना कुणी दुकानदार हाच कागद माझ्या हातात देत आला होता. काटा बिघडला होता, साहेब. आणि मी प्रत्येकावर लाल शाईने तेच तीन शब्द लिहीत आलो होतो: सबब ग्राह्य नाही.

मुलगी आतल्या खोलीत छटाकचे सामान पिशवीत भरत होती. वाटी, फडके, माझ्या चपलेचा चघळलेला पट्टा. भरत होती आणि पुन्हा बाहेर काढत होती.

सोमवारी मी सहा वाजून दहा मिनिटांनी उठलो. अंडी पाण्यात सोडली नाहीत. न्हाणीघरात जाऊन, हातात काही न घेता, काट्यावर उभा राहिलो आणि चार सेकंद वाट पाहिली. मग जेवणाच्या टेबलाशी बसून स्वच्छ अक्षरात लिहिले:

‘माझे यापूर्वीचे चारही दाखले चुकीचे आहेत. काटा बरोबर होता. मी पिल्लाला उचलून तोलत होतो आणि माझे स्वतःचे तीन वर्षांपूर्वीचे वजन वजा करत होतो. त्यानंतर मी वाढलो, आणि पिल्लाचे अन्न खाऊन आणखी वाढलो. माझे आजचे वजन त्र्याहत्तर किलो नऊशे. पिल्लाचे चार किलो सहाशे.’

खाली सही केली. हुद्दा लिहावा की नाही, यावर थोडा वेळ गेला. लिहिला.

खाली जिना रिकामा होता. चिटणीस दूध घेऊन येत होते. त्यांनी कागद उभ्या उभ्या वाचला, दोनदा वाचला, एका कोपऱ्यावर आवक क्रमांक टाकला आणि फलकाच्या कुलपाची किल्ली खिशातून काढून माझ्या हातात दिली. नोटीस त्यांनी स्वतः उतरवली. तिच्याच टाचणीने मी माझा कागद तिच्या जागी लावला, जरा तिरका लागला तो सरळ केला, आणि वर आलो.

छटाक उंबऱ्याशी बसला होता. मी खाद्य तोलले, नव्या आकड्याने, आधी मापाची वाटी रिकामी तोलून. तेवढ्यात मुलगी झोपाळलेली बाहेर आली आणि फ्रिजसमोर उभी राहिली. रात्री मी तक्त्यात पेन्सिलीने एक रकाना वाढवला होता, ‘डबा’, आणि त्यात आज सकाळी काट्यावरचा माझा आकडा भरला होता. तिने तो वाचला. मग आत जाऊन पिशवी आणली, त्यातली छटाकची वाटी काढून ओट्यावर ठेवली आणि माझ्या हातातला चमचा घेतला.

“तू बाजूला हो,” ती म्हणाली. “मी वाढते. तू फक्त बघ.”

मी बाजूला झालो, आणि खाली पाहिले. शेपूट हलली.